मुंबईतला बाणगंगा तलाव समुद्राला लागून असूनही गोडा, मग आमच्या सोसायटीची बोअर खारट का झाली?

उपशामुळे, बहुतेक. बाणगंगेत येतं ते मलबार हिलवर मुरलेलं पावसाचं पाणी. झऱ्यातून ते आपणहून बाहेर पडतं, कोणी खालून ओढत नाही. मुंबईखालचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो स्पंजासारखा नाही, पाणी मावतं ते फक्त वरच्या मुरमात आणि भेगांत. गोडं पाणी हलकं, म्हणून खाऱ्यावर तरंगतं. ढोबळ हिशेब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडंच. म्हणजे पंपाने ती १ मीटर खाली आणलीत की खारं पाणी तळातून ४० मीटर वर सरकू शकतं! कातळात हा आकडा भेगांप्रमाणे बदलतो, शेजारच्या बिल्डिंगची बोअर गोडी निघते ती त्यामुळेच.

मात्र इमारत भरावावर किंवा खाडीकाठी असेल, तर खारटपणा जुन्या चिखलातलाही असू शकतो. ऑगस्टमध्ये आणि मेमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. मेमध्ये एकदम चढला तर पंपाचे तास कमी करा आणि गच्चीचं पाणी जमिनीत मुरवा. बोअर आणखी खोल मात्र नेऊ नका.