कोकणात ट्यूलिप फुलेल का?

प्रश्न : मुलाने ट्यूलिपचे कंद पाठवले आहेत. ते शरद ऋतूत लावावेत, म्हणजे वसंतात फुलतील, असे पाकिटावर छापले आहे. आमचे घर समुद्राजवळ आहे आणि अंगणात जांभ्याची माती आहे. दिवाळीत कंद लावले, तर शिमग्यापर्यंत फुले येतील का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : थेट अंगणात लावल्यास येणार नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. पाकिटावरची सूचना चुकीची नाही. मात्र ती थंड प्रदेशासाठी आहे. तिथे कंद शरदात जमिनीत घालतात, तो पुढे त्याला दीर्घ थंडी मिळावी म्हणून. ट्यूलिपच्या कंदाला सुमारे १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान मिळाले, तरच फुलाचा दांडा नीट लांबतो. श्रीनगरच्या बागेत हिवाळ्याआधी लावलेले कंद मार्चअखेरीस फुलू लागतात, ते याच कारणाने. आपल्याकडे पौषातल्या पहाटेही पारा इतका उतरत नाही.

आलेले कंद वाया जाऊ नयेत, यासाठी ते कागदी पिशवीत घालून तेवढे आठवडे फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. फ्रीजमध्ये त्या काळात सफरचंद, चिकू अशी पिकणारी फळे ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदाच्या आतली कळी मरते. नंतर कंद कुंडीत लावून घरातल्या सर्वांत गार, उजेडाच्या जागी ठेवावेत. फूल आले तरी आपल्या उष्म्यात ते फार दिवस टिकत नाही, आणि तोच कंद पुढच्या वर्षी पुन्हा फुलेल अशी आशा धरू नये.

माझे मत विचाराल, तर हीच मेहनत अमरिलिसवर करावी. ट्यूलिपला थंडीची झोप लागते. अमरिलिसला कोरडेपणाची विश्रांती पुरते, आणि पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने कोकणात आपोआपच मिळतात. कांद्याएवढा कंद घ्यावा, निचऱ्याच्या कुंडीत त्याचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर राहील असा लावावा, आणि नोव्हेंबरपासून आठ-दहा आठवडे पाणी जवळजवळ बंद ठेवावे. पाने पिवळी पडली तरी घाबरू नये. माघात थोडे कुजलेले शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू केले, की बहुधा पानांच्या आधी कंदाच्या मानेच्या कडेने चपटी, टोकदार कळी वर सरकताना दिसते. पावसाळ्यात मात्र कुंडी पागोळ्यांखाली राहू देऊ नये. मानेत पाणी साचले की कंद आतून सडतो.

प्रश्न : आमच्या निशिगंधाला आता नुसती पानेच येतात. काय करावे? – एक वाचक, मालवण

उत्तर : कंदांची दाटी झाली असावी. दोन-तीन वर्षांनी गड्डे काढून वेगळे करावेच लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते काढून, माती झटकून, सावलीत महिनाभर सुकू द्यावेत. दोन सेंटिमीटरहून जाड कंद फुलांसाठी निवडावेत आणि बारीक कंद वाढण्यासाठी वेगळ्या वाफ्यात लावावेत. लागवड एप्रिल-मेमध्ये, भरपूर उन्हाच्या जागी करावी. पाठोपाठ आपला धुवांधार पाऊस येत असल्याने सपाट जमिनीऐवजी उंच गादीवाफाच करावा.