अठरा क्रेडिट जादा घ्यायचे, पण कुणाच्या हाताखाली?

पत्र : मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या वर्षापासून ‘ऑनर्स विथ रिसर्च’, म्हणजे नेहमीच्या पदवीसोबत संशोधनाचं जादा काम, घेता येईल, चार सत्रांत मिळून १८ क्रेडिट जादा, असं कॉलेजने कळवलं आहे. तिला ते घ्यायचंच आहे. हे म्हणतात, आपल्याला काय प्राध्यापक व्हायचंय? नोकरीच्या तयारीचा वेळ त्यात जाईल. काय करावं?
– एक आई, कराड

ताई, नमस्कार.

यजमानांची काळजी रास्त आहे, म्हणून आधी तिचाच हिशेब मांडते. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं माप. आठवड्यातल्या तासिकेच्या एका तासाला एक क्रेडिट आणि प्रॅक्टिकलच्या दोन तासांना एक, असं साधारण गणित असतं. १८ क्रेडिट चार सत्रांत विभागले की सत्राला साडेचार आले. संशोधनाचं काम मुख्यतः लॅबमधलं, म्हणजे आठवड्याला नऊ तास. नेहमीची सबमिशन्स आणि परीक्षा सांभाळून हे करायचं आहे. त्यात शेवटच्या वर्षी प्लेसमेंटची धावपळ. सॉफ्टवेअर कंपन्या पहिल्या चाळणीत सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी श्रेणी), अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंग पाहतात. पदवीवर दोन शब्द वाढावेत एवढ्यासाठीच लेक हे घेणार असेल, तर मी नको म्हणेन.

पण ‘घ्यायचंच आहे’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून तिला एक विचारा : कोणत्या सरांकडे किंवा मॅडमकडे काम करणार? माझ्या मते सगळा निर्णय या एका उत्तरावर आहे. नुसत्या ‘ऑनर्स’मध्ये एखाद्या विषयाचे जादा पेपर असतात, शिकवणारे बरे असले तरी निभतं. ‘ऑनर्स विथ रिसर्च’मध्ये गाइडच, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकच, स्वतः काही शोधत नसेल, तर तीच नऊ तासांची मेहनत शेवटी इंटरनेटवरून जमवलेला रिपोर्ट होऊन बसते.

फरक कसा ओळखायचा, ते तुमच्याच भागातल्या उदाहरणावरून सांगते. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर घ्यायचा, मोबाइलला जोडायचा, आकडा दाखवायचा, हा प्रोजेक्ट दरवर्षी कितीतरी मुलं करतात. सेन्सर चालला की प्रोजेक्ट संपला. संशोधन त्यानंतर सुरू होतं. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत तोच स्वस्त सेन्सर खरं सांगतो का? मातीतले क्षार विजेचं वहन वाढवतात, त्यामुळे आकडा फसवा येऊ शकतो. मग नमुने आणायचे, ओली माती वजन करायची, १०५ अंशांवर ओव्हनमध्ये दिवसभर सुकवायची, पुन्हा वजन करायचं आणि तो खरा ओलावा सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहायचा. असे शंभरएक नमुने झाले की चूक कुठे, किती आणि का, ते दिसू लागतं. मधे दोन महिने काहीच जुळत नाही, मुलगी रडकुंडीला येते. अशा वेळी ‘चल, पुन्हा बघू’ म्हणत शेजारी बसणारा गाइड लागतो.

हे केलेली मुलगी प्राध्यापकच होते असं नाही. एम्बेडेड (यंत्रांच्या आत बसवायच्या छोट्या संगणकांच्या) किंवा उपकरणांच्या कंपनीत मुलाखतीला ‘प्रोजेक्टमध्ये काय अडलं?’ असं विचारलं, की तिच्याकडे स्वतःचं उत्तर असतं. आणि पुढे शिकायचंच ठरलं, तर वाट मोकळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के किंवा तितकी श्रेणी असेल, तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो. आज त्यावर घरात वाद नको, तो प्रश्न दोन वर्षांनी येईल.

तिला खरंच गोडी आहे का, हे पाहायला उन्हाळ्याची सुटी उत्तम. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात, त्यात विद्यावेतनही असतं. आयआयटी गांधीनगरचाही उन्हाळी संशोधन इंटर्नशिपचा कार्यक्रम आहे. अकादम्यांचे अर्ज आदल्या वर्षीच, दिवाळीच्या सुमारास भरायचे असतात. तारीख तिनेच शोधायला हवी. निवड झाली नाही तर सुटीत कॉलेजच्याच लॅबमध्ये सहा आठवडे बसू द्या. तेवढ्यातही कळतं.

फॉर्म भरण्याआधी तिने त्या गाइडना प्रत्यक्ष भेटावं. त्यांचा अलीकडचा एखादा शोधनिबंध आधी वाचून जावं, सगळा नाही कळला तरी चालेल. लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते, लागणारं उपकरण कॉलेजात आहे की बाहेर जावं लागेल, आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी नेमकं काय केलं, हे विचारावं. त्या मुलांपैकी एकाशी तरी बोलावं, सरांच्या गैरहजेरीत. अर्ध्यावर सोडावं लागलं तर नेहमीच्या पदवीला धक्का लागत नाही ना, हेही नियमावलीत लेखी पाहून घ्यावं.

शक्य असेल तर त्या भेटीला यजमानांनाही पाठवा. लॅब दाखवायला सांगा त्यांना.