दोघांची पहिली सहल रत्नागिरीला? आधी एवढंच ठरवा

निवड छान आहे, अभिनंदन! नवीन जोडपी एक चूक हमखास करतात: तीन दिवसांत गणपतीपुळे, पावस, जयगड आणि वर दापोलीही. मग सगळा वेळ गाडीत जातो. मुक्काम रत्नागिरी शहरातच ठेवा आणि बाहेरचं एकच ठिकाण निवडा.

थिबा राजवाड्याला घाईत उरकू नका. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं, त्याच्यासाठी हा वाडा 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. राणी सुपयालतसह त्याने इथे काढलेले दिवस डोळ्यांपुढे आणत रंगीत काचांच्या खिडक्यांपाशी थोडं थांबा. संध्याकाळी रत्नदुर्गावर जा. तिन्ही बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ.

बाकी थोडक्यात:

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हापूस हवा असेल तर एप्रिल-मे, पण उकाडा सोसावा लागेल.
- रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हाच करा. स्टेशन शहराबाहेर आहे, रिक्षाचा खर्च धरा.
- 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ताज्या सुरमईसाठी येत असाल तर हे दिवस टाळा.
- गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोहायला उतरू नका. शांत दिसतो, पण ओढ जबरदस्त आहे. हे मी कळकळीने सांगतेय.

जेवायला साधी घरगुती खानावळ शोधा, सोलकढी दुसऱ्यांदा मागायला लाजू नका. होमस्टे, आतले किनारे वगैरे पुढच्या खेपेला.