पावसात बुलेट रुसते
प्रश्न: बाबांची ३५० बुलेट आहे, जुनी, कास्ट आयर्न इंजिनवाली, गिअर उजव्या पायाला. उन्हाळ्यात एका किकला चालू होते पण वाळपईचा पाऊस लागला की सकाळी वीस किका मारूनपण ढिम्म. विकू का?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर: विकू नका हो, प्लीज! या गाडीला पॉइंट (उघडझाप करून प्लगला स्पार्क देणारा छोटा स्विच) असतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्यांच्यावर ओल धरते, मग स्पार्क कमजोर पडतो. कव्हर उघडा, पॉइंट बारीक पॉलिशपेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, गॅप साधारण ०.३८ मिमी ठेवा, प्लगची कॅपपण बघा.
आणि वीस किका कशाला? चावी लावा, किक हळूहळू दाबत अँपिअर मीटर (बॅटरीचा करंट दाखवणारा) बघा, काटा मायनसवरून मधोमध आला की थांबा, डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी लिव्हर) ओढून किक थोडीशीच पुढे सरकवा, ती लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच, पूर्ण, खालपर्यंत. ९० मिमी स्ट्रोकचा एकच पिस्टन आहे, चुकीच्या जागी अडकला तर नुसत्या ताकदीने काही होत नाही. किक उलटी मारत असेल तर मात्र टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) बघून घ्या, पाय दुखावतो.
चोर्ला घाट उतरताना गिअरवरच उतरा, जुन्या ड्रम ब्रेकांत पाणी गेलं की ते धरत नाहीत.