मालवणला गाडी नेण्याआधी

पुण्याहून पहिल्यांदाच मालवणला गाडी नेतोयस, तर सर्व्हिसिंग आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी उरक. गॅरेजवाल्याने काही सैल ठेवलं असेल तर गावातच कळतं. टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाच: 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर, नक्षी शाबूत दिसली तरी, सरळ बदल. हवा टायर गार असताना भर. माणसं-सामानाने भरलेल्या गाडीसाठी हवा किती, तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. स्टेपनीही तपास, तिला नेमकं सगळे विसरतात. फोंडा घाट खालच्या गिअरमध्येच उतर. सारखा ब्रेक दाबलास तर तो तापतो आणि पकड सोडतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे महाभाग भेटतील, त्यांना खुशाल पुढे जाऊ दे.