प्लास्टर निघाल्यानंतर

तुझं पत्र वाचलं. चार महिन्यांत नऊ किलो वाढले, प्लास्टर निघालंय, आता रोज पाच किलोमीटर पळून दोन महिन्यांत सगळं उतरवायचंय म्हणतोस. हा बेत मी स्वतः करून बसलेय. घोट्याचं हाड जुळलं असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच आठवड्यात मी पळायला लागले. हाडाला काही झालं नाही. टाचेमागची शीर मात्र अशी धरली, की पुढचे तीन महिने लंगडत काढले.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, मांडी दिसत नाही. पाय बांधून ठेवला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच स्नायू झडायला लागतात, आणि परत यायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतात. गुडघ्याच्या वाटीपासून 10 सेंटीमीटर वर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर मोज. फरक बघून वाईट वाटेल, तरी मोज. गुडघ्याला सूज असेल तर आधी तिच्याकडे बघ. सुजलेल्या गुडघ्याची मांडी कितीही जोर लावला तरी पुरती आवळली जात नाही.

फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम बाळबोध वाटतील: पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. मग सरळ पाय उचलणं, मग खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं. करच. दम लागायला हवा असेल तर जागेवरची सायकल, हलकी. जखम पूर्ण भरली असेल तर छातीभर पाण्यात चाल. तिथे पायांवर शरीराचं साधारण तिसरा हिस्सा वजन येतं.

दुखण्याचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण खरा प्रश्न तोच आहे. थोडं दुखणारच. दहापैकी तीनपर्यंत चालेल, असं मी धरते. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. पाय कालच्यापेक्षा जड किंवा सुजलेला वाटला, तर काल जास्त झालं. तेवढं कमी कर. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली, दुखू लागली, तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे जा, आणि सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.

आता वजन. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात आणि पाच किलोमीटर चालून जेमतेम अडीचशे-तीनशे जातात. हिशेब तूच कर. वजन ताटातून उतरवायचं, व्यायाम पायासाठी. उपाशी मात्र राहू नकोस, नाहीतर चरबीबरोबर उरलेली मांडीही जाईल. प्रथिनं दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.6 ग्रॅम, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी खूप झालं.

पळणं कधी? अर्धा तास भरभर चालताना लंगड येत नसेल, दुखऱ्या पायाची ताकद चांगल्याच्या नव्वद टक्क्यांवर आली असेल आणि डॉक्टर हो म्हणाले असतील, तेव्हा. तेही सुरुवातीला एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं.

पुढच्या पत्रात वजन नको, दोन्ही मांड्यांचे आकडे लिही.