कोरस आला की गाणं का ढेपाळतं?

प्रश्न : आमचा पाच जणांचा मेटलकोर (हेवी मेटल आणि हार्डकोर पंकचं मिश्रण) बँड आहे, गिटार ड्रॉप सीमध्ये (तारा उतरवून सगळ्यात जाड तार सी स्वराला). वर्समधले (कडव्यातले) स्क्रीम आणि रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) दणदणीत वाजतात, पण गायलेला कोरस (ध्रुवपद) आला की दुसराच बँड सुरू झाल्यासारखं वाटतं. कोरसला गेन (गिटारच्या आवाजातलं डिस्टॉर्शन, म्हणजे खरखर, ठरवणारं बटण) वाढवून पाहिला, फरक नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : गेन वाढवून उलट नुकसानच होतं. डिस्टॉर्शन जास्त झालं की हळू छेडलेली आणि जोरात छेडलेली तार एकाच पातळीवर येते. पाम म्यूटचा (तळहात टेकवून छेडलेल्या तारेचा) ‘धप्’ जाऊन नुसती भणभण उरते. गेन कमी करा आणि तीच रिफ दोनदा वाजवून एक टेक डावीकडे, दुसरा उजवीकडे टाका. एकच टेक कॉपी केलात तर आवाज फक्त मोठा होईल, रुंद होणार नाही.

कोरस परका वाटतो, कारण त्याची चाल आधी कुठे पेरलेलीच नसते. किलस्विच एंगेजसारख्या अमेरिकन बँडांनी स्वीडिश मेलोडिक डेथ मेटलकडून घेतलं ते हेच, की सूर आधी गिटार धरते, गायक नंतर येतो. कोरसचे पहिले चार-पाच स्वर वर्सच्या शेवटच्या आवर्तनात वरच्या तारांवर वाजवा. दुसरी गिटार खाली चग करत (जाड तारा दाबून ठेक्यात छेडत) राहू दे.

त्या सुरावर दुसऱ्या गिटारची हार्मनी (सोबतीचा दुसरा स्वर) घालताना ठरावीक अंतराचा पेडल (प्रत्येक स्वराला तेवढ्याच अंतरावरचा स्वर आपोआप जोडणारं यंत्र) नको. सीला सा धरला तर सी मायनर म्हणजे आपला आसावरी थाट. सावर कोमल ग तीन अर्धस्वरांवर, रेवर म तीनच, पण कोमल गवर प चार. पेडल तिथेही तीनच मोजतो, मग प ऐवजी तीव्र म वाजतो. शंभरातले नव्वद ‘बेसूर कोरस’ आम्हाला असेच वाटतात. हाताने वाजवा.

गिटार सीला उतरवली म्हणून कोरसचा सा सीच हवा असंही नाही. त्याच सात स्वरांत सा कोमल गवर हलवला की ई-फ्लॅट मेजर मिळतो. एकही नवा स्वर न लागता कोरस उजळतो. पट्टी मात्र गायकाला विचारून ठरवा. त्याचा सगळ्यात वरचा स्वर कोरसमध्ये एकदाच येऊ द्या.

ड्रमरने टेम्पो तोच ठेवून स्नेअर दुसऱ्या-चौथ्याऐवजी फक्त तिसऱ्या मात्रेवर मारावा. आणि कोरसच्या आधी एक मात्रा सगळे गप्प. नॉइज गेटच्या (बारीक आवाज आपोआप बंद करणाऱ्या यंत्राच्या) भरवशावर राहू नका, तारा तळहाताने दाबा.

प्रश्न : ट्यूनर सूर बरोबर दाखवतो, तरी रेकॉर्डिंगमध्ये जाड तार चढलेली वाटते. तारा 10–46 (सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). – एक वाचक, पुणे

उत्तर : ड्रॉप सीला या तारा लोंबतात. जोरात छेडली की स्वर क्षणभर चढतो, मग खाली येतो. ट्यूनरला तुम्ही हळू छेडून दाखवता, म्हणून तो फसतो. 12–56 लावा, मग ट्रस रॉड (गिटारच्या मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे स्वर बरोबर लागतो का ते) पुन्हा बघून घ्या. जाड तारा नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत नीट बसत नसतील तर खाच कारागिराकडूनच रुंद करून घ्या, घरी कानस चालवू नका.